काहिलीतले मीठ

पालीच्या भैरोबाला नैवेद्य दाखवला जाईपर्यंत यात्रेच्या स्वयंपाकातला थेंबही कुणाच्या जिभेवर पडत नाही. तीन काहिलींत आमटी रटरटत असते, इंद्रायणी भाताच्या वाफेने देवळामागचा मांडव ओलसर झालेला असतो, सकाळपासून रिकाम्या पोटी राबणाऱ्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटलेले असते. पण चाखून पाहायची सवलत आचाऱ्यालाही नाही. देवाआधी जीभ लावली की अन्न उष्टे झाले. म्हणून या गावात ज्याला पळा हाती घ्यायचा, त्याला जिभेवाचून चव ओळखता आली पाहिजे.

सावळारामला ती सदतीस वर्षे ओळखता येत होती. डोळे मिटून तो काहिलीवर वाके, वाफ तोंडावर घेई आणि विहिरीत डोकावून पाण्याचा अंदाज घ्यावा तसा क्षणभर थांबे. मग शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या, भामाबाईच्या, परातीत हात घाली. एका काहिलीला मिठाच्या आठ मुठी. ना कमी, ना जास्त. "मिठाला वास नसतो हे मला बी म्हाईत हाय," तो म्हणे, "पन मीठ पडलं का बाकीच्यांचा वास आपापल्या जाग्यावर बसतो. लसूण लसणाच्या, खोबरं खोबऱ्याच्या. तवर समदी उभीच असत्यात." हा अंदाज त्याला वडिलांकडून आला होता, निदान तो तसे मानत होता. यात्रा उरकली की लांब दांड्याचा तो पितळी पळा घासूनपुसून देवळाच्या तुळईला टांगायचा आणि पुढच्या चैत्रात स्वतः अकरा पायऱ्या चढून उतरवायचा. जो उतरवील तो त्या वर्षीचा आचारी. सदतीस चैत्रांत तो दुसऱ्या कुणी उतरवलेला नव्हता.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्याच अकरा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीवर सावळाराम खाली बसला, तो उठेना. छातीत दुखत नव्हते. नुसता श्वास पुरत नव्हता, जणू हवा आखूड झाली होती. तसे आठवडाभर त्याला आडवे पडवत नव्हते, आणि वहाणेचा पट्टा पावलावर असा खोल उमटत होता की काढल्यावरही तासभर ती खाच भरत नसे. पण काहिलीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचे पाय सुजायचेच, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

भोरच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने पडद्यावर त्याला त्याचे हृदय दाखवले. राखाडी धुक्यात काहीतरी उघडमीट करत होते. दमलेल्या माणसाच्या ओठांसारखे. "बाबा, तुमचा रक्तदाब निदान पंधरा-वीस वर्षं चढलेला असणार," ती म्हणाली. "राजगडाच्या पायथ्याला राहता ना? मग समजा, हे बिचारं इतकी वर्षं रोज, झोपेतसुद्धा, गड चढतंय. चढून चढून त्याच्या भिंती जाड झाल्या आणि आता ते थकलं."

"मला कवा कळलं न्हाई ते?"

"कळत नाही. मोजल्याशिवाय कळतच नाही, हाच तर त्याचा दगा."

चार दिवसांनी घरी सोडताना तिने गोळ्या दिल्या, रोज थोडे थोडे चालायला सांगितले, आणि शेवटी, जणू ती सगळ्यांत किरकोळ गोष्ट असावी अशा सुरात, म्हणाली, "मीठ. दिवसभरातलं सगळं मिळून एका छोट्या चमच्याच्या आत. लोणचं, पापड, खारवलेलं काही नको."

परतीच्या एसटीत सावळाराम खिडकीशी बसला होता. नसरापूर मागे पडल्यावर भामाबाईच्या कानाशी वाकून तो म्हणाला, "जीभ अळणी झाली तर हात बी अळणी हुईल. मग म्या चैतात काहिलीम्होरं काय घिऊन हुबा ऱ्हाऊ?"

मरणाची भीती त्याला वाटत नव्हती असे नाही. पण तिला अजून नीट आकार आला नव्हता. या दुसऱ्या भीतीला मात्र आकार होता. तुळईला टांगलेल्या पळ्याचा.

*

पंधरा दिवसांत बातमी गावभर झाली. एका दुपारी यात्रा कमिटीचा हनुमंत आणि देवळाचे जुने मानकरी चिमाजीतात्या सावळारामच्या ओट्यावर येऊन बसले. हनुमंत चाळिशीतला, स्वतःचा टेम्पो चालवणारा, कामाला उरक असलेला माणूस. तात्यांनी ऐंशी केव्हाच ओलांडली होती. दात नव्हते, पण जीभ होती.

"काय सावळ्या," तात्या म्हणाले, "तुजं काळीज मोटं झालंय म्हनं. आमास्नी तर कवा दिसलं न्हाई ते. पापड मागितला तर आर्धा वाढायचास."

"तुमाला दात कुठं हायेत, तात्या? आर्धाच लई."

हसणे ओसरल्यावर हनुमंतने घसा खाकरला. "नाना, वाईट वाटून घिऊ नका. तुमची तब्येत पयली. नसरापूरला एक केटरर हाय, गॅसच्या शेगड्या, पोरं, समदं घिऊन येतो. म्या नुसतं कानावर घालून ठिवलंय."

"कानावर घातलं म्हंजे ठरीवलंच की."

"ठरीवलं न्हाई. पन तुमी जाळाम्होरं हुबं ऱ्हायलात आन् तिथंच काय झालं, तर गाव मला काय म्हनंल?"

तात्यांनी काठी जमिनीवर टेकली. "पळा तुळईलाच हाय. पाडव्याच्या दिशी तुज्या पायानं अकरा पायऱ्या चढ आन् उतरून घे. चढलास तर तू. न्हाई तर ह्याचा गॅसवाला. आता चा टाका कुनीतरी."

भामाबाईने चहा आणला. नवऱ्याच्या कपाकडे तिने असे पाहिले, की त्या क्षणापासून त्याच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट तिच्या नजरेखालून जाणार हे सगळ्यांनाच उमगले.

आणि तिने खरोखरच जिवाचे रान केले. घरातली मिठाची बरणी धुऊन पालथी घातली. लोणच्याचा सट जावेच्या घरी पोचता केला. सावळाराम रोज सकाळी गुंजवणीच्या बाजूने जाणाऱ्या वाटेने आंब्यापर्यंत जाऊन येऊ लागला. आधी चारदा थांबून, मग दोनदा. गोळ्या चुकत नव्हत्या. आणि आश्चर्य म्हणजे जेवण मुळीच अळणी लागत नव्हते. "ताक बी झ्याक लागतंय, कालवन बी झ्याक लागतंय," तो म्हणे. "उगं भेत हुतो."

पण पावलांवरची खाच भरेना. पौष सरत आला तेव्हा खालच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्रात सुलक्षणाने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. यंत्रावर एकशे बहात्तर आणि त्याखाली शंभर असा आकडा आला. तिने पाच मिनिटे त्याला गप्प बसवले, पुन्हा मोजले. फारसा फरक नव्हता.

सुलक्षणा मूळची भोरची, तिशीतली; या सात वाड्यांची आरोग्य अधिकारी म्हणून दोन वर्षांपूर्वी आलेली. ती आकड्यावर रागावत नसे, आकड्यामागे जाई. "गोळ्या?" "चुकत न्हाईत." "तंबाखू?" "नातीच्या बारशाला सोडली." "मीठ?"

"मिठाचा कन न्हाई घरात," भामाबाई ठसक्यात म्हणाली. "येऊन बगा."

सुलक्षणा खरोखरच आली. दुसऱ्याच दिवशी, स्कूटी ओट्याशी लावून, "मावशी, पाणी द्या" म्हणत थेट स्वयंपाकघरात. डब्यांवरून तिची नजर फिरली आणि चुलीच्या उजव्या हाताच्या बरणीवर थांबली. बरणीत फिकट गुलाबी भुगा होता.

"हे काय?"

"सैंधव हाय. खड्याचं आनून म्या स्वता कुटते."

"किती घालता?"

"हात आखडत न्हाई बगा. साधं मीठ बंद क्येलंय न्हवं, मंग तेवडी तरी चव नको मानसाला? दोन चमचं घालते कालवनात. ताकात निराळं."

सुलक्षणा खाली पाटावर बसली. तिला हसू आले असावे, पण ते तिने चेहऱ्यावर येऊ दिले नाही. "मावशी, सैंधव हे मीठच असतं."

"आवं न्हाई! उपासाला चालतं की त्ये. एकादशीला आमी मिठाला शिवत न्हाई, सैंधव चालतं. मीठ आसतं तर देवानं चालवून घेतलं आसतं व्हय?"

"देवाला चालतं, मावशी. हृदयाला नाही चालत. खाणीतून येवो नाही तर समुद्रातून, आत तेच असतं."

भामाबाई उभीच राहिली. सहा आठवडे तिने स्वतःच्या हाताने खडे कुटले होते. पदराने घाम पुसत, मनात नवऱ्याचे आयुष्य मोजत. जे विष म्हणून बरणीतून काढले, तेच दुसऱ्या रंगात दुप्पट करून वाढले. तिचा चेहरा पाहून ओट्यावरचा सावळाराम आत आला.

"म्या..." ती म्हणाली.

"अगं, तुजा काय गुना," सावळाराम म्हणाला. "मला तरी कुठं कळलं? सदतीस वरसं गावाला मीठ घालतोय, मला सैंधव वळकू आलं न्हाई. तरीच म्हनलं, पथ्य इतकं ग्वाड कसं!"

तिला हसू आले, आणि हसता हसताच रडू.

सुलक्षणाने भामाबाईच्या हातात मापाचा एक छोटा चमचा ठेवला. "हा दोघांचा, दिवसाचा. साधंच मीठ. पिठात नाही, भातात नाही. सगळं कालवणात, आणि तेही चूल उतरवल्यावर. पहिले काही आठवडे नकोसं होईल, बाबा. पण एवढं ध्यानात ठेवा. जीभ शिकते. यावर पुष्कळ अभ्यास झालेत. दोन-तीन महिने कमी मीठ खाल्लं की जिभेला कमीच पुरतं, आणि पूर्वीचं खारट लागायला लागतं."

तिने हे धीर देण्यासाठी सांगितले होते. सावळारामच्या छातीत मात्र ते दगडासारखे पडले. जीभ शिकते, म्हणजे जीभ बदलते. म्हणजे हात जाणार.

*

माघाचे ते दिवस बिनरंगाचे गेले. बटाटा ओल्या मातीसारखा लागे, आमटी पावसाळ्यातल्या ओढ्यासारखी. घास तोंडात घेऊन तो भिंतीकडे पाहत बसे. चव गेलेल्या माणसाला जगही जरा दूर गेल्यासारखे वाटते. भांड्यांचे आवाज येत असतात, धूर येत असतो, पण मधे एक पातळ पडदा असतो. भामाबाई हरली नाही. तिने लसूण भाजून घातला, कोकम वाढवले, कारळ्याची चटणी मिठावाचून कुटली, लिंबाच्या फोडी कापून ठेवल्या. "मीठ न्हाई तर न्हाई," ती म्हणे, "बाकीची मंडळी काय मेली न्हाईत."

रोजची चाल आंब्याच्या पुढे, बंधाऱ्यापर्यंत गेली. आता भामाबाईही बरोबर असे. तिचाही रक्तदाब थोडा चढलेला निघाला होता, ही गोष्ट सुलक्षणाने तिला मोजून दाखवली होती आणि भामाबाईने ती नवऱ्यावर उपकार केल्याच्या थाटात स्वीकारली होती. सकाळच्या कोवळ्या उन्हात गडाचा बालेकिल्ला समोर असायचा; वर चढणाऱ्या पुण्याच्या पोरांच्या रंगीत पिशव्या मुंग्यांसारख्या सरकताना दिसायच्या. सावळाराम थांबून पाही. आपल्याही आत कुणीतरी इतकी वर्षे तिकडे चढत होते. आता त्याला खाली उतरवायचे होते, सावकाश, हात धरून.

फाल्गुन निम्मा सरला त्या सुमाराची गोष्ट. भामाबाईने नाचणीची भाकरी वाढली, कोरडीच; कालवण अजून चुलीवर होते. सावळारामने सहज तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला. भाकरी गोड होती. साखरेसारखी नव्हे, धान्याच्या पोटात असते तशी, मागून येणारी, लाजरी गोडी. त्यात थोडा जळका वास, थोडी राख, थोडे रान. चौसष्ट वर्षे तो ही भाकरी खात होता आणि आज पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली होती.

त्याच संध्याकाळी जावेने पाठवलेला पापड त्याने मुद्दाम मोडून जिभेला लावला. जीभ पोळल्यासारखी झाली. तो उठून परसात गेला आणि चूळ भरली.

सुलक्षणाला अपेक्षित होते तेच घडले होते. आता तिचे यंत्र एकशे चौतीस आणि चौऱ्याऐंशी दाखवत होते, वहाणेची खाच दिसेनाशी झाली होती. भोरच्या डॉक्टरणीने पुन्हा पडद्यावर हृदय पाहून सांगितले, "थकवा उतरतोय. यात्रेला उभे राहा, पण जाळापासून दोन हात लांब, उचलायचं काही नाही, आणि दर तासाला बसायचं." सगळे काही मिळाले होते. आणि सावळाराम उपकेंद्राच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

"ताई, तुमी माजं काळीज परत दिलं. पन हात गेला माजा. पापड खारट लागतोय मला. गावाला त्योच ग्वाड लागतोय. म्या आता गावाची चव वळकनार कशी?"

सुलक्षणाने नोंदवही मिटली. "बाबा, एक विचारू? यात्रेच्या आमटीतलं मीठच पाव-पाव मूठ कमी करून पाहिलंत तर? या वाड्यांत मी मोजतेय. तिशीच्या पुढचा जवळजवळ दर तिसरा माणूस रक्तदाबाचा निघतो, आणि निम्म्यांना पत्ताच नाही, तुमच्यासारखा. चीनमध्ये सहाशे खेड्यांत एक अभ्यास झाला. झटका येऊन गेलेली किंवा रक्तदाबवाली माणसं निवडली. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना सोडियम कमी केलेलं. पाच वर्षं पाहिलं. मीठ बदललेल्या गावांत लकव्याचे झटके कमी आले, माणसं कमी दगावली."

"खेडीच हुती का?"

"खेडीच. चुली, शेती, आपल्यासारखंच."

"आन् लोकं जेवत हुती बिनतक्रार?"

"जेवली की."

"मंग मला द्या त्ये मीठ."

"तुम्हाला नाही चालायचं. त्यात पोटॅशियम असतं, तुमच्या एका गोळीसोबत ते रक्तात साठेल. ज्याची किडनी बरी नाही त्यालाही नको. म्हणून तर गावजेवणात ते घालू नका म्हणते. साधंच घाला, फक्त जरा कमी."

सावळारामने मान हलवली, हळू पण ठाम. "न्हाई, ताई. माजं दुखनं म्या गावाच्या पानात वाढनार न्हाई. आठ मुठी माज्या बापाचा अंदाज हाय. डोळं झाकून आठ टाकीन. नाक गेलं तर गेलं, मोजता तर येतंय."

*

पाडव्याला तो अकरा पायऱ्या चढला. सातवीवर थांबला, गड पाहत असल्याचे सोंग केले, आणि पुढच्या चार चढून पळा उतरवला. खाली उभे असलेले तात्या म्हणाले, "गड कवा बगितला न्हाईस का रं?" हनुमंत मात्र मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, "नाना, गॅसवाल्याला मी सांगतो. पन त्यो त्या दिशी मोकळाच हाय, येवढं आपलं सांगून ठिवतो."

यात्रेच्या दिवशी पहाट फुटताच चुलीसाठी खणलेला चर पेटला. काहिली चढल्या. सावळाराम जाळापासून दोन हात लांब, हातात पळा. ढवळायला चार धडधाकट माणसे. हनुमंत दर तासाला खुर्ची आणून ठेवी आणि "बसा नाना" म्हणे, एखाद्या कडक मास्तरासारखा. तूर शिजली, घोटली गेली. कांदा-खोबऱ्याचे वाटण तेलात पडले, आणि वास मांडवाबाहेर जाऊन गाव गोळा करू लागला. देवळात ढोल सुरू झाले होते. दहाच्या सुमारास वेळ आली.

भामाबाई परात घेऊन उभी राहिली. सावळाराम पहिल्या काहिलीवर वाकला, डोळे मिटले. वाफ आली ती नेहमीची नव्हती. किंवा वाफ तीच होती आणि तो निराळा होता. लसूण इतका स्वच्छ त्याने कधी ऐकला नव्हता. हो, वास ऐकू यावा तसाच तो आला. खोबरे, जिरे, जळत्या लाकडाची एक बारीक रेघ. सगळे उभे होते, बसायची वाट पाहत.

एक मूठ. दोन. तीन. पळा फिरला. चार. पाच. वास हळूहळू खाली उतरू लागले, माणसे पंगतीत बसावीत तसे. सहा.

आणि सगळे बसले. कुणी उभे उरले नाही.

सावळारामने परातीत हात घालून सातवी मूठ भरली. ती काहिलीवर नेली. मुठीतून मिठाचे चारदोन कण निसटून पडले. नाक म्हणत होते, झाले. मोजणी म्हणत होती, अजून दोन. आठशे माणसे जेवायला बसणार होती, गॅसवाला नसरापुरात मोकळा होता, आणि ज्याला पापड खारट लागतो अशा माणसाच्या नाकावर कोण भरवसा ठेवील? चाखता आले असते तर एका थेंबात निकाल लागला असता. पण इथे देवाआधी जीभ नाही. इथे नेहमी माणसाला स्वतःवरच विश्वास ठेवावा लागला आहे. आणि मोजायचेच असते, तर सदतीस वर्षे तो वाकत कशासाठी होता? आठ मुठी कुणीही टाकल्या असत्या.

त्याने भामाबाईकडे पाहिले. तिने परात जराशी पुढे केली.

त्याने मूठ परातीत मोकळी केली. उरलेल्या दोन काहिलींनाही सहा-सहाच.

नैवेद्य निघाला. घंटा वाजली. पंगत बसली, पत्रावळी पडल्या, प्रत्येकीवर डाव्या कडेला नेहमीसारखे चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड. सावळाराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि त्याला स्वतःचे हृदय ऐकू येऊ लागले. ते दमलेले नव्हते. नुसते घाबरलेले होते. यात फरक असतो हे त्याला आता कळत होते.

"मीठ आना हिकडं!" पंगतीच्या टोकाहून कुणीतरी ओरडले. मग आणखी एकाने बोट वर केले. हनुमंतने सावळारामकडे वळून पाहिले. तिसऱ्याने मागितले. सावळारामने पळ्याचा दांडा घट्ट धरला.

पण चौथा आवाज आला तो "आमटी!" असा. मग दुसरीकडून "आमटी हितं!" वाढपी धावू लागले. मीठ मागणाऱ्यांनी ते चिमटीने कालवले आणि तेही आमटीच मागू लागले. आठशे पानांत पाच-सहा चिमटी, बस्स, एवढेच. सुलक्षणा बायकांच्या पंगतीत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण भुरका असा मारला की शेजारणीने तिच्याकडे वळून पाहिले.

चिमाजीतात्या भात आमटीत बुडवून, बोटांनी मऊ करून खात होते. सावळाराम त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"तात्या, कमी पडलं का?"

"पयल्या घासाला वाटलं जरा," तात्या म्हणाले. "म्हनलं, सावळ्या आजारी हाय, इसारला आसंल. दुसऱ्या घासाला इसारलो मीच." त्यांनी आणखी एक घास गिळला आणि त्यांचे डोळे कुठेतरी लांब गेले. "तुजा बाप गेल्यावर ही आमटी म्या पुना खाल्ली न्हवती. तुजी ऱ्हायची झणझणीत, खारी, पानी पीत ऱ्हायाचं दिसभर. वाईट न्हवती. पन ह्यी ती हाय. वाढ आजून."

शेवटच्या पंगतीला सावळारामने आपल्या पानावर अर्धी वाटी आमटी घेतली. सुलक्षणाने दुरून बोटाने तेवढीच दाखवली होती. सदतीस वर्षे त्याने केलेली ही आमटी त्याने दर वेळी घाईत, दमून, जीभ मेलेली असताना खाल्ली होती. आज तिच्यातली तूर तुरीसारखी लागली.

दुपार कलली. चर विझवून झाला होता. भामाबाई परात घासत बसली होती आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दडलेले होते.

"बोल की," सावळाराम म्हणाला.

"काय न्हाई. मामंजी पाच टाकायचे."

"काय?"

"पाच मुठी. म्या नवी नवरी हुते, परात माज्याच हातात असायची. तुमी हाती घेतल्यावर सा झाल्या, मंग सात. आठ तर थोरल्याच्या लग्नानंतर. परात ल्हान पडाय लागली म्हनून ही आनली की आपन भोरच्या बाजारातनं."

सावळाराम तिच्याकडे पाहतच राहिला. बापाचा म्हणून जो अंदाज तो छातीशी धरून बसला होता, तो त्याच्याच थकत गेलेल्या जिभेने मूठमूठ वाढवलेला होता. वर्षानुवर्षे, कुणाच्या ध्यानात न येता, आत चढत गेलेल्या त्या आकड्यासारखा.

"आन् तू येवढी वरसं बोलली न्हाईस?"

"तुमी कवा इचारलंत?" ती म्हणाली आणि परात उपडी घातली. "आन् सैंधवाच्या येळंला तरी मला कुठं कळलं हुतं? दोगं बी सारखंच शानं."

तो हसला. मग उठला, घासलेला पळा खांद्यावर घेतला आणि देवळाकडे निघाला. हनुमंत मागून धावत आला. "नाना, द्या म्या टांगतो."

"पुढच्या साली केटररला काय सांगनार हायेस?"

"सांगतो की, यात्रेला जेवायला ये म्हनून."

"मंग बाजूला हो."

अकरा पायऱ्या. गडावर ऊन पिवळे होत चालले होते आणि वरून उतरणाऱ्या कुणाचे तरी हसणे वाऱ्यावर येत होते. सातव्या पायरीशी सावळाराम सवयीने थांबू गेला. पण थांबण्याजोगे काही नव्हते. तो चढत राहिला. खालून भामाबाईचा आवाज आला.

"आवं, आजून एक मूठ उतरायची ऱ्हायलीय!"

"व्हय," तो न वळता म्हणाला, आणि हात उंचावून त्याने पळा तुळईला अडकवला. "म्होरल्या चैतात बगू."